परीक्षेला न येणारं दार

आमचं घर म्हणजे आतड्याची एक पेशी होती. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. वडिलांनी तसं जाहीर केलेलं होतं आणि बारावीला बसणाऱ्या मुलांच्या कितीतरी तुकड्या ते मान्य करून, पास होऊन निघून गेल्या होत्या. नाशकात पंचवटीत, गंगेकडे म्हणजे गोदावरीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत आमचं दोन मजली घर होतं. पुढचं दार गल्लीत उघडायचं आणि मागचं दार एका अरुंद बोळात. बाबा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ घरी क्लास घ्यायचे. बाहेरच्या खोलीत फळा होता, सतरंज्या होत्या, पण आतड्याचा धडा आला की बाबा फळा सोडून घरच वापरायचे. पुढची गल्ली म्हणजे आतड्याची पोकळी, जिथून पचलेलं अन्न वाहत चाललेलं असतं. घर म्हणजे आतड्याच्या अस्तरातली पेशी. मागचा बोळ म्हणजे रक्त. त्या बोळातलं गटार कायम तुंबलेलं असायचं, त्यामुळे आमच्या रक्ताला बारा महिने एक विशिष्ट वास येई. बाबांच्या मते त्यानं तत्त्वाला बाधा येत नव्हती.

तत्त्व असं होतं. साखर पेशीत आपली आपण शिरू शकत नाही. पुढच्या भिंतीत जे दार असतं, ते म्हणजे एक प्रथिन, आणि ते भलतंच शिष्ट असतं. साखरेचा एक कण दोन सोडियमचा हात धरून आला तरच ते उघडतं. म्हणून आमच्या क्लासला येणाऱ्या मुलांनी तिघा-तिघांनी हात धरून पुढच्या दारातून आत यायचं, मधला साखर, कडेचे सोडियम. आत आल्यावर साखरेनं सरळ चालत मागच्या दारानं बोळात जायचं. मागचं दार उदार, तिथं सोबत लागत नाही. सोडियम मात्र आत साचून चालत नाही. त्याला बाहेर फेकायला मागच्या भिंतीत पंप असतो. प्रत्येक तुकडीतला सगळ्यात दणकट मुलगा पंप व्हायचा. तो तिघांना ढकलून बोळात घालवी, बदल्यात दोघा पोटॅशियमना आत ओढून घेई, आणि या कामाला ऊर्जा लागते म्हणून दर खेपेला त्याला गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा मिळे. चिक्की आई करायची. पेशीच्या कामकाजाबद्दल तिचं एकच मत होतं: "तुमचा तो पंप जरा कमी हावरा निवडत जा." माझ्या वाट्याला प्रत्येक वेळी सोडियम यायचा. साखर व्हायला बाहेरची मुलं, त्यांचे आईवडील फी भरत होते. घरच्या मुलीनं दुसऱ्याला हात धरून आत आणायचं आणि मग स्वतः मागच्या दारानं बाहेर ढकललं जायचं, असा तो रिवाज. पुढं वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी धरली तेव्हा कामाचं स्वरूप ओळखीचं वाटलं.

गल्लीनं बाबांचं नाव आतडेसर ठेवलं होतं. दूधवाला दारात उभा राहून ओरडायचा, "सर, मी एकटाच आहे, आलो तर चालेल का?" समोर देवरेकाकू राहायच्या. सटाण्याकडच्या, तोंडानं फटकळ, मनानं त्याहून फटकळ. बाबांनी एकदा मुलांना गल्लीकडे बोट दाखवून "ही सगळी पोकळी, यात अर्धवट पचलेलं अन्न," असं सांगितलं ते त्यांनी खिडकीतून ऐकलं. "म्हंजे आम्ही कोन हो सर?" त्या तिथूनच म्हणाल्या. "वीस वरीस समोर राहून आम्ही तुम्हाला अर्धवट पचेल दिसतो का?" बाबांनी त्यांना शांतपणे समजावलं की हा व्यक्तिगत उल्लेख नाही. काकूंनी पुढची कित्येक वर्षं हळदीकुंकवाला हा विषय काढला.

या घराला एक तिसरं दारही होतं. पुढच्याच भिंतीत, कोपऱ्यात, बुटकं, थेट स्वयंपाकघरात उघडणारं. भांडीवाली, भाजीवाली, आई आणि लग्न होऊन आल्यापासून वहिनी, अशा सगळ्या बायका ते वापरत. आम्ही त्याला बाजूचं दार म्हणत असू. खऱ्या पेशीतही पुढच्या भिंतीत असं एक वेगळं दार असतं. फळांत ग्लुकोजसोबत जी दुसरी साखर असते, फ्रुक्टोज, ती त्यातून आत जाते, एकटी, कुणाचा हात न धरता. बाबा प्रामाणिक शिक्षक होते, त्यामुळे फळ्यावर ते दार काढायचे. काढून झालं की लगेच डस्टर फिरवायचे आणि म्हणायचे, "आहे एवढं माहीत असू द्या. परीक्षेला येत नाही." मुलं वहीतली आकृती खोडायची. काही हुशार मुलं आधीच काढायची नाहीत.

बाबांची थट्टा करताना एक गोष्ट न्यायानं नोंदवली पाहिजे. पुढच्या दाराबद्दलचं त्यांचं वेड निव्वळ वेड नव्हतं. साखर आणि सोडियम हात धरून आत जातात, त्यांच्या मागून पाणी जातं, आणि म्हणून जुलाबानं सुकलेल्या माणसाला साखर-मिठाचं पाणी पाजलं तर तो वाचतो. नुसतं पाणी पाजून वाचत नाही. हे खरं आहे आणि या खरेपणावर बाबांनी आपली सगळी समाजसेवा उभी केली होती. यात्रेच्या दिवसांत ते किटली घेऊन घाटावर उभे राहायचे. गल्लीत कुणाला हगवण लागली की डॉक्टरच्या आधी बाबा पोचायचे. चिमूटभर मीठ, मूठभर साखर, तांब्याभर उकळलेलं पाणी, आणि चव अश्रूंपेक्षा खारट नको. हा शेवटचा नियम ते दोनदा सांगायचे. लोक बरे व्हायचे. सतत बरोबर ठरणारा माणूस घरात असणं काय असतं, ते ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनाच कळेल.

वहिनीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, मनमाडला झालं. तिचे वडील रेल्वेत होते, क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून यार्ड, आणि इंजिनांच्या धडधडीत मुलगी जन्मली म्हणून ती कशाला दचकत नाही, असं पत्र आलं. दुसऱ्या पत्रात होतं की बाळाला लघवी छान होते, लंगोट सारखे ओले. आमच्याकडे हे मोठ्यानं वाचलं गेलं आणि आईनं देवापुढं साखर ठेवली. ती लघवी नव्हती. इतके पातळ जुलाब होते की कापडावर पाण्यासारखे पसरत आणि डागही उरत नसे. एका अख्ख्या कुटुंबानं, एका सुईणीनं आणि मनमाडच्या एका डॉक्टरनं ओल्या लंगोटाचं कौतुक केलं. बाळ सुकत चाललं, टाळू खोल गेली, तेव्हा तिथल्या दवाखान्यात सलाईन लावलं, जरा बरी झाली, घरी आणून अंगावर पाजलं की पुन्हा तेच. शेवटी बारसं व्हायच्या आधीच दादा जाऊन दोघींना नाशकाला घेऊन आला. दादा सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जायचा, मितभाषी, आणि वडिलांसमोर अधिकच. त्यानं मुलीला पुढच्या दारातून आणलं. बाबा उंबऱ्यातच उभे होते. त्यांनी नातीकडे पाहिलं, डोळे तपासले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लवकर खाली बसली नाही, आणि ते म्हणाले, "काही काळजी नाही. साखर-मिठाचं पाणी."

त्यानंतरचे दिवस आठवतात ते वासांनी आणि आवाजांनी. पितळी पातेल्यात सतत उकळणारं पाणी. चमचा वाटीवर आपटल्याचा किणकिणाट. दोरीवर वाळणारे लंगोट, ते संपले की आईच्या जुन्या नऊवारीचे फाडलेले तुकडे. शेगडीवर ओव्याची धुरी. आणि बाळाचं रडणं, जे दिवसेंदिवस बारीक होत गेलं आणि म्हणून जास्त ऐकू येऊ लागलं. बाबा चमच्या-चमच्यानं पाणी पाजायचे, स्वतः, कुणावर विश्वास नव्हता. बाळ अधाशासारखं प्यायचं. तहान भयंकर होती. थोड्या वेळानं सगळं लंगोटात. बाबा म्हणायचे, जेवढं गेलं तेवढं भरून काढायचं, आणि पुढची वाटी तयार करायचे. गल्लीही स्वस्थ बसली नव्हती. प्रत्येकीकडे उपाय होता आणि प्रत्येक उपाय आधीच्यापेक्षा वेगळा असल्याबद्दल प्रत्येकीची खात्री होती. एकीनं तांदळाची पेज आणली. एकीनं साबुदाण्याचं पाणी. एकीनं मध चाटवायला सांगितला. केमिस्टनं ग्लुकोजचा डबा दिला. देवरेकाकूंचा भाऊ दिंडोरीला द्राक्षबागेत होता, त्यानं पहिल्या काढणीचे घड पाठवले आणि काकूंनी ते स्वतः कुस्करून, गाळून, वाटीत आणले. "पोटाला लय थंड," त्या म्हणाल्या. आज माहीत आहे की पेज, साबुदाणा, मध, द्राक्षं, घरातली साखर आणि आईचं दूध, हे सगळं शेवटी एकाच साखरेवर, ग्लुकोजवर येतं, आणि त्या मुलीला मारायला तेवढी एक साखर पुरेशी होती. आमची अख्खी गल्ली पाळीपाळीनं, मायेनं, वाट्या-वाट्यांनी तिला तेच पाजत होती.

यात दोष कुणाचा, हे ठरवायला मात्र वेळ लागला नाही. वहिनीचा. बाळ अंगावर प्यालं की बिघडतं, म्हणजे दूध बाधतं, म्हणजे बाळंतीण काहीतरी खात असणार. आईनं तिचं ताक बंद केलं, मग डाळ बंद केली, मग भाजी. वहिनी भात आणि तूप-मीठ खाऊन कोपऱ्यात बसे. "मनमाडला काही खाल्लं होतंस का गं?" आई विचारायची, जणू मनमाड हा पदार्थ होता. वहिनी मान खाली घालून नाही म्हणायची. आमच्याकडे सासऱ्यांसमोर सुनेनं वर बघून बोलायची पद्धत नव्हती. पदर, चहा, आणि दाराआडून "हो बाबा". मी तेव्हा बारावीत होते, फळ्यावरचं पुढचं दार मला झोपेतही काढता येत होतं, आणि आमच्यापैकी कुणालाही ते दार आणि ती मुलगी यांचा संबंध लागत नव्हता. बाबांच्या आकृतीत दार कायम चालू असे. बिघडलेलं दार त्यांनी कधी काढलंच नव्हतं.

बाळ रडायचं थांबलं तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला. "मी हिला रईसकडे नेतो," तो म्हणाला आणि परवानगीची वाट न बघता रिक्षा बोलावली. रईस हा बाबांचा जुना विद्यार्थी, द्वारका चौकाच्या अलीकडे त्यानं लहान मुलांचा दवाखाना टाकला होता, खाली तपासणी आणि वर चार-सहा खाटा. बाबा सोबत आले, किटली घेऊन. रईसला बघताच त्यांचा चेहरा उजळला. "याला मी आतडं शिकवलंय," त्यांनी नर्सला सांगितलं. "काय रे, आठवतं ना?"

"सर, खरं सांगू का, चिक्की आठवते," रईस शीर शोधता शोधता म्हणाला. "मी पंप होतो."

शीर सापडेना. डोक्याच्या बाजूची सापडली. सलाईन सुरू झाल्यावर रईसनं वहिनीला समोर बसवलं. "ताई, आता हिला तोंडानं काही द्यायचं नाही. दूध नाही, पाणी नाही, थेंब नाही. आतड्याला विश्रांती. मला बघायचंय काय होतं."

"साखर-मीठ तर चालेल," बाबा म्हणाले.

"तेही नाही, सर."

"अरे, सोडियम एकटा आत जात नाही."

"सर, सलाईन थेट रक्तात जातं. म्हणजे तुमच्या मागच्या बोळात."

बाबांना हे पटलं असं दिसलं. संध्याकाळपर्यंत लंगोट कोरडा राहिला. दुसऱ्या दिवशीही कोरडा. मुलीनं डोळे उघडले आणि रडली, जोरात, आणि वहिनी त्या रडण्याकडे अशी बघत बसली की नर्सनं तिला हलवून चहा दिला. रईस खूश होता, पण कोड्यातही होता. त्याचा विचार होता की आणखी एक दिवस जाऊ द्यावा आणि मग एकेक गोष्ट सुरू करून बघावी. तिसऱ्या दिवशी सकाळी लंगोट पुन्हा भिजला. मग पुन्हा. रईसनं सलाईनची बाटली बदलली, मग औषध बदललं, मग नर्सवर ओरडला, आणि कशाचाच उपयोग होईना. तोंडानं थेंब दिलेला नसताना जुलाब होतात, म्हणजे रोग भलताच असणार, मुंबईला न्यावं लागेल, आणि या अवस्थेत घाटातून नेलं तर पोचेल याची हमी नाही, असं त्यानं दादाला जिन्यात बाजूला घेऊन सांगितलं. दादा तिथंच खिशातले पैसे मोजू लागला.

त्या दुपारी मी घरून डबा घेऊन गेले. वहिनी मोरीवर लंगोट पिळत होती, ती आणि मी एकदमच खोलीत शिरलो. बाबा खाटेशी वाकून बसले होते. मांडीवर वाटी, हातात चमचा. बाळ तोंड उघडून वाट बघत होतं, घरट्यातल्या पिलासारखं, आणि बाबा अगदी मायेनं, एक थेंबही न सांडता, तिला साखर-मिठाचं पाणी पाजत होते.

"बाबा," वहिनी म्हणाली. "चमचा खाली ठेवा."

तिचा आवाज मोठा नव्हता. बाबांनी वर पाहिलं ते ऐकू न आल्यासारखं. "अगं, सकाळपासून दोन-तीन वाट्याच दिल्यात. सलाईनवर कुणी जगतं का? निसर्गाचा मार्ग पुढच्या दारानं..."

"चमचा खाली ठेवा. तुमची साखर तुमच्या फळ्यावर राहू द्या. माझ्या पोरीच्या तोंडात दुसरा चमचा गेला तर मी तुमचं वय बघणार नाही."

तिनं वाटी हिसकावली आणि मोरीत ओतली. पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिनं सावरला नाही. मी असं वाक्य पुढं अनेकांच्या तोंडून अनेक रीतींनी ऐकलं, बातमीत लिहिलं, संपादकानं कापलेलंही पाहिलं, पण सासऱ्याशी असं बोललेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. बाबांनीही नव्हती पाहिली. ते चमचा हातात धरून तसेच बसले.

आवाज ऐकून रईस वर आला. मला वाटलं तोही ओरडेल. तो ओरडला नाही. त्यानं स्टूल ओढलं आणि विचारलं, "सर, कधीपासून देताय? काय काय घातलं होतं?" बाबांनी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला सांगावं तसं नीट सांगितलं. मीठ इतकं, साखर इतकी, चव तपासलेली. रईस ऐकता ऐकता उठून उभा राहिला. मग त्यानं ओला लंगोट मागितला, त्यातलं पाणी पिळून परीक्षानळीत घेतलं, कपाटातून निळं द्रावण आणलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. ते द्रावण बाबा दर वर्षी मुलांना दाखवत. पचून फुटलेली साखर असेल तर निळ्याचं विटकरी होतं, न पचलेल्या घरच्या साखरेनं होत नाही. आम्ही चौघं त्या नळीकडे बघत उभे राहिलो. ते हिरवं झालं, पिवळं झालं, आणि मग खाली गडद विटकरी गाळ बसला.

बाबा नळीकडे बघत म्हणाले, "म्हणजे पचलं. पण आत गेलंच नाही." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "पुढचं दार."

"मी फक्त वाचलंय, सर," रईस म्हणाला. "जन्मतः ते प्रथिनच बिघडलेलं. फार म्हणजे फारच दुर्मीळ. साखर पोकळीतच राहते, आणि सगळं पाणी ओढून घेऊन खाली जाते. आईचं दूध असो नाहीतर तुमचं पाणी असो. मी मुंबईला माझ्या सरांना फोन करतो." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "पण सर, मग हिला द्यायचं काय? साखरेशिवाय मूल वाढवायचं कसं? आत जायला दुसरा रस्ता..."

बाबांनी हातातला चमचा खाली ठेवला. त्यांच्या तोंडावर एक गोष्ट येऊन थांबली होती. वहिनीला ती दिसली.

"आहे का दुसरा रस्ता?" तिनं विचारलं.

"बाजूचं दार आहे," बाबा म्हणाले. "फळांतली साखर. ती त्या दारानं जाते. एकटी."

"मग हे इतक्या दिवसांत सांगितलं का नाहीत?"

आणि बाबांच्या तोंडून, सवयीनं, विचार करायच्या आधीच निघून गेलं, "ते परीक्षेला येत नाही."

कुणी हसलं नाही. आज लिहिताना हसू येतं, तेव्हा खोलीत फक्त सलाईनच्या थेंबाकडे बघण्यासारखं होतं. पुढची कामं रईसनं केली. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर दुजोरा दिला. फळसाखरेची, म्हणजे शुद्ध फ्रुक्टोजची, पूड नाशकात मिळेना, दादा मुंबईला जाऊन डबा घेऊन आला, हातात दागिने असल्यासारखा. रईसनं ती पाण्यात मिसळून पहिला चमचा वहिनीला द्यायला लावला. तोवर जवळपास सगळ्या घराला समजलं होतं की हा चमचा बाधला तर पुढं काही नाही. आई देवाचं नाव घेत खाटेच्या पायथ्याशी बसली. वहिनी दर थोड्या वेळानं लंगोटात हात घालून बघे आणि हात बाहेर काढून आपल्याच साडीला पुसे, कोरडा असला तरी. दिवस मावळला तरी लंगोट कोरडा होता. मनमाडच्या ओल्या लंगोटासाठी ठेवली होती तशीच साखर आई या कोरड्यासाठी घरी देवापुढं ठेवायला निघाली, आणि अर्ध्या वाटेत थबकून तिनं त्याऐवजी फूल ठेवलं.

नुसत्या साखरेवर मूल वाढत नाही, आणि दूध तर कायमचं बंद. त्या काळी यावर रईसला जो उपाय सांगितला गेला तो होता उकडून गंधासारखी वाटलेली कोंबडी, त्यात तेल आणि फळसाखर. आमच्या घरात तोवर अंडंही आलेलं नव्हतं. आईनं देवापुढचा पडदा ओढला. मग म्हणाली, "पुढच्या दारानं नको." रईसच्या अम्मी रोज सकाळी ती कोंबडी शिजवायच्या, पाट्यावर वाटायच्या आणि झाकणाच्या डब्यात घालून स्वतः आणून द्यायच्या, बाजूच्या दारानं, एकट्या. आई उंबऱ्याच्या आत आणि अम्मी बाहेर, असं काही आठवडे चाललं. मग एकदा पाऊस लागला आणि आई म्हणाली, "आत या, भिजताय कशाला," आणि त्या ओट्यापर्यंत आल्या. त्यानंतर दोघी मिळून वहिनीला मूल कसं धरावं यावर बोलू लागल्या, जे वहिनीला अर्थातच आधीपासून येत होतं. आमच्या घरातली क्रांती इतपतच झाली. देवरेकाकूंनी मात्र कोंबडीचा वास ओळखला आणि गल्लीला सांगितलं की सरांच्या पेशीत आता काय काय शिरतंय ते बघा.

बारसं फार उशिरा झालं. नाव तन्वी ठेवलं. त्या दिवशी पाहुण्यांना पेढे वाटताना बाबांनी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली, आणि ती अशी: दवाखान्यात निदान होत नव्हतं, तेव्हा त्यांनी प्रयोग केला. साखर बंद असताना जुलाब बंद, साखर देताच जुलाब सुरू. नियंत्रित प्रयोग. "डॉक्टर नाही म्हणत होता," बाबा म्हणाले, "पण शास्त्रात धाडस लागतं." पुढं वर्षानुवर्षं ते हेच सांगत राहिले आणि दर वेळी गोष्टीतलं धाडस थोडं वाढत गेलं. वस्तुस्थितीला धरून पाहिलं तर ते खोटंही म्हणता येत नाही. त्यांनी चोरून चमचा दिला नसता तर रईसला ती नळी तापवायचं सुचलं असतं का, आणि सुचेपर्यंत मुलगी राहिली असती का, कोण सांगणार? मी बातमीदार म्हणून आयुष्यभर अशा माणसांच्या मुलाखती घेतल्या, ज्यांच्या चुकीतून भलं झालं आणि ज्यांनी पुढं फक्त भलं झाल्याचं सांगितलं. मला त्यांचा कधी राग आला नाही. सराव होता. वहिनी ही गोष्ट सुरू झाली की उठून चहा टाकायला जायची.

पुढच्या वर्षी आतड्याचा धडा आला तेव्हा बाबांनी पुढच्या दारावर तिघा-तिघांचा खेळ करून घेतला आणि मग एका मुलाला एकट्यालाच बाजूच्या दारानं आत घेतलं. तो बूट घालून थेट ओट्यासमोरून गेला आणि आईनं त्याला लाटणं दाखवलं. बाबांनी फळ्यावर तिसरं दार काढलं आणि डस्टर खाली ठेवला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?" बाबा म्हणाले, "नाही." अर्ध्या तुकडीनं पेनांना टोपणं लावली. बाबा तरीही बराच वेळ शिकवत राहिले.

आता विद्यार्थी ही आकृती मोबाइलवर बघतात, दारांना इंग्रजी आद्याक्षरं आणि आकडे आहेत. मध्यंतरी कुठंतरी वाचलं की पोकळीत साखर फार झाली तर मागचं दारही म्हणे तात्पुरतं पुढच्या भिंतीत येऊन बसतं, आणि यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढं गेले होते, ऐकायला कमी यायचं. त्यांनी बराच विचार करून मागच्या दाराकडे पाहिलं, पुढच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपल्याकडे नाही येत."

तन्वी तिशी ओलांडून गेली आहे. दिंडोरीला एका वायनरीच्या प्रयोगशाळेत ती काम करते. द्राक्षांत साखर किती भरली हे तोडणीआधी मोजणं तिच्याकडे असतं, आणि ज्या माणसाला एक घड खाता येत नाही त्याच्या हाती हे मोजमाप देण्यात मालकाचा फायदाच आहे. लग्नकार्यात तिच्या हातावर कुणी ना कुणी साखर ठेवतंच, "एवढ्याशानं काय होतंय," असं म्हणून. ती ती बोटांत धरून ठेवते आणि मुंग्यांना देते. घरी आली की गाडी लावून अजूनही बाजूच्या दारानंच आत येते.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना जुलाब लागले. साधेच होते, पण त्या वयात साधं काही नसतं. जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले, आणि त्यांनी दवाखान्यात जायला साफ नकार दिला. तन्वी रविवारची आली होती. तिनं पाणी उकळलं, निववलं, साखर घातली, मीठ घातलं, ढवळलं आणि वाटी माझ्यासमोर धरली. "आत्या, तू चाख. मी नाही घेणार."

मी चाखलं. अश्रूंपेक्षा खारट नव्हतं.

तिनं बाबांच्या मानेखाली हात घातला आणि पहिला चमचा पाजला. बाबांनी गिळला. दुसरा तिनं ओठांशी नेला तेव्हा त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि दाराकडे पाहिलं. दारात वहिनी उभी होती, नुकती आंघोळ करून आलेली, केसांना पंचा गुंडाळलेला. किती वर्षं झाली होती त्या दुपारला, पण बाबा तिच्याकडे परवानगीसाठी बघत होते यात मला शंका नाही. चमचा मध्येच थांबला.

वहिनीनं पंचा सोडला, झटकला आणि दोरीवर टाकला.

"पाज गं त्यांना," ती म्हणाली. "त्यांचं दार धडधाकट आहे."